ओटी भरली, सुई राहिली

फ्लेक्सवर इतके चेहरे होते की लसीला जागाच उरली नव्हती. वर मोठ्या अक्षरांत ‘किशोरी सन्मान सोहळा’, खाली हात जोडलेले पुढारी आणि त्यांच्या खाली हात न जोडलेले त्यांचे पुतणे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून चौदा वर्षांच्या मुलींना लस द्यायची आहे, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. आयोजकांपैकी एकाला मी विचारलं, तर तो आवाज खाली आणून म्हणाला, “सर, चौकात ‘गर्भाशय’ लिवलं तं बरं दिसते काय? बायामानसं येतेजाते.”

तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि सानगडीजवळच्या आमच्या गावात परत आलो. थोरला भाऊ धानाची शेती करतो. त्याच्याच घरामागच्या खोलीत मी आणि माझी पुस्तकं राहतो. भावाची मुलगी नववीत आहे. त्या सन्मान व्हायच्या किशोरींमध्ये ती होती.

लसीची बातमी आली तेव्हा आमच्या घरात ‘हो’ म्हणणारी पहिली व्यक्ती मी नव्हतो, वहिनी होती. तिची धाकटी बहीण नाकाडोंगरीकडं दिली होती. ती याच आजारानं गेली. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, हे तिनं किती दिवस कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी फाइल बघितली आणि नवऱ्याला बाहेर बोलावलं. शेवटचे दिवस ती आमच्याकडं होती. भेटायला कुणी येणार असलं की ती आधी उदबत्ती लावायला सांगायची. ती लावायचं काम पुतणीकडं होतं. मावशी गेल्यापासून ती पोरगी देवापुढंही उदबत्ती लावत नाही. आम्ही कुणी तिला कारण विचारलेलं नाही.

सोहळा उपकेंद्राच्या व्हरांड्यात होता. याच व्हरांड्यात दर हिवाळ्यात बायकांच्या ऑपरेशनचं शिबिर भरायचं, आणि ऑपरेशन म्हणजे कोणतं हे गावात सांगावं लागत नाही. त्या दिवशी चतुर्थी होती, निम्म्या मुली उपाशी होत्या. प्रमुख पाहुणे यायला उशीर झाला, कारण वेळेवर आले तर ते प्रमुख राहत नाहीत. मुली उन्हात रांगेत उभ्या. पाहुणे आले, नारळ फुटला, त्यांनी संस्कृतीवर भाषण केलं, आणि संस्कृती नुसती भाषणात राहू नये म्हणून आयोजकांच्या घरच्या बाईंनी प्रत्येक मुलीला हळदीकुंकू लावून तिची ओटी भरली. ओढणीच्या पदरात तांदूळ, नारळ, खण. सुई त्यानंतर.

बाईंचा हेतू चांगला होता. पण आमच्याकडं कुवार पोरीची ओटी पहिल्यांदा भरली जाते ती साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आणि ती भरतात मुलाकडचे लोक. इथं ऑपरेशनच्या व्हरांड्यात, गर्भाशयाच्या सुईआधी, परक्या बाईनं भरली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आयांच्या चेहऱ्यावर मी तो हिशेब जुळताना पाहिला. एक म्हातारी मोठ्यानंच म्हणाली, “आतून रिकामी करून राहिले, म्हनून वरून भरून देते.”

दुसऱ्या का तिसऱ्या मुलीला सुई टोचली आणि ती उभ्या उभ्या खाली बसली. ऊन, उपास, भीती. कशानंही बसली असती. नारळ तिच्या ओटीतून निसटून पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. मग तिच्यामागची, जिला अजून सुई लागलीच नव्हती, तीही पडली. नर्सबाई ओरडून सांगत होत्या की घाबरू नका, पोरी उपाशी आहेत, पाणी आणा. पण तोवर आयांनी आपापल्या पोरी हाताला धरून ओढत नेल्या. माझी पुतणी रांगेत पाचसहा जणींच्या मागं होती. ती घरी आली तेव्हा तिच्या पदरात तांदूळ तसेच होते आणि दंड कोरा होता.

दोन्ही मुली घटकाभरात पाणी पिऊन घरी चालत गेल्या, पण ते बघायला कुणी थांबलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावात एक मुलगी मेली होती. दुसऱ्या दिवशी ती जिवंत निघाली, पण तिला मूल होणार नव्हतं. मोहफुलं वेचून येणाऱ्या बायका आमच्या दारावरून जाताना आत बघत हळू चालायच्या. आणि पानठेल्यावरची पोरं, ज्यांचं आरोग्याचं सगळं शिक्षण मोबाइलवर झालंय, शाळेतून येणाऱ्या मुलींना विचारायची, “पासिंग झाली का वो?” नव्या गाडीला विचारतात तसं. पुतणी एकदा सायकल आत आणून भिंतीला टेकून उभी राहिली. सुई न लागताच तिची पासिंग झाली होती.

भावाशी मी बोललो. तो उन्हाळी धानाला पाणी फिरवून आला होता, पायाचा चिखल सुकत होता.

“शाळेतली बाई म्हने, हे बिमारी नवराबायकोच्या संबंधातून येते,” तो म्हणाला. “मंग माह्या पोरीले आत्ताच कायले?”

“म्हणूनच आत्ता, दादा. आधी दिली तर काम करते. पाणी यायच्या आधीच वावराला धुरा बांधतोस ना?”

“धुरा बांधला तं लोक म्हनते, याच्या वावरात पानी येनार हाय.”

तीस वर्षं मी मुलांना दृष्टान्त शिकवला. एवढा नेमका एकानंही लिहिला नाही.

“अन् उद्या तिले पोरगं नाही झालं तं? तू काय पुस्तक दाखवशीन तिच्या सासऱ्याले?” एवढं बोलून तो उठला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो घाबरला होता, आणि मी लहानपणापासून त्याला फक्त एकदा, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात नाव हलली तेव्हा घाबरलेला पाहिलं होतं.

वहिनी माझ्या खोलीच्या दारात सहसा येत नाही. दोन दिवसांनी आली.

“भाऊजी, साकोलीच्या दवाखान्यात अजून देऊन राहिले म्हनते. सही आईची चालते का?”

“चालते. पण दादा?”

“त्याहिले मी सांगीन. आधी नाही, नंतर.” तिनं दाराची चौकट धरली. “माह्या बहिनीले मी आंघोळ घालत होती, भाऊजी. त्याहिनं नाही घातली.”

आम्ही तिघं बसनं गेलो. वहिनीनं पोरीला भाकर, वरण, वर भात असं खाऊ घातलं की लसीला आत जागा मिळेल की नाही अशी मला शंका आली. बसमध्ये गावातली दोन माणसं होती. त्यांनी विचारलं, “कुठं गा, सर?” मी म्हणालो चष्म्याचं काम आहे. ते चष्म्याकडं बघून हसले.

दवाखान्यात फ्लेक्स नव्हता, पाहुणे नव्हते. एका थकलेल्या नर्सनं विचारलं, “जेवली का? आधी कशानं रिॲक्शन आली होती का?” आणि दंडाला कापूस लावला. एवढंच. मग म्हणाली, अर्धा तास बाकावर बसा, चक्कर, खाज, दम लागला तर लगेच सांगा.

तो अर्धा तास मी विसरणार नाही. या लसीबद्दल मी आधी बरंच वाचलं होतं. वांझपणाची गोष्ट खोटी आहे हे मला माहीत होतं, आणि क्वचित एखाद्याला कुठल्याही लसीची तीव्र रिॲक्शन येऊ शकते हेही. म्हातारीला ओटी बघून जी भीती वाटली, तीच मला छापील मजकूर आठवून वाटत होती. वाचणाऱ्या माणसाची भीती वेगळी नसते, तिला फक्त शब्द जास्त येतात. मी पोरीच्या गळ्याकडं बघत होतो, श्वास वर जातो का, खाली येतो का. तिनं मान खाजवली आणि मी उभा राहिलो.

“डास हाय, काका,” ती म्हणाली.

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. थोड्या वेळानं पोरीनं समोर बघतच विचारलं, “आता मी मावशीसारखी नाही न होनार?”

मी म्हणालो, “शक्यता फार कमी होते. पण मोठी झाल्यावर तपासण्या करायच्या. आणि काही दुखलं-खुपलं तर लपवायचं नाही.”

“म्हंजे नक्की नाही.”

“नक्की नाही.”

तिनं मान हलवली. वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी खोटं बोलायला हवं होतं. कदाचित हवं होतं.

घरी आलो तर भाऊ अंगणातच होता. चष्म्याची बातमी बसच्या आधी गावात पोचली असावी.

“लागली?” त्यानं पोरीला विचारलं.

“लागली.”

त्यानं वहिनीकडं बघितलं. ती खाली बघत नव्हती. मग तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

दिवेलागणीला पोरीला ताप भरला. थोडा ताप येऊ शकतो असं नर्सनं सांगितलं होतं, तशी गोळीही दिली होती. पण कपाळ तापलेलं असताना सांगितलेलं आठवून उपयोग होत नाही. वहिनी स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत होती. भाऊ खाटेच्या कडेला बसला आणि ओल्या फडक्याची पट्टी ठेवू लागला. धानाचे पेंडे बांधणारे त्याचे हात. पट्टी सारखी तिच्या डोळ्यांवर घसरत होती.

“हे ताप येते म्हनून लिवलं हाय का?”

“लिहिलंय. उद्या उतरेल.”

“अन् नाही उतरला तं?”

“तर आपण दोघं हिला घेऊन जाऊ.”

“दोघं,” तो म्हणाला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. “काय झालं वो पोरीले? झोपली काहून या टायमाले?”

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. मी तोंड उघडणार होतो. चष्मा, ऊन, काहीही चाललं असतं. भावानं हात वर करून मला थांबवलं.

“सुई लागली तिले. कॅन्सरची.”

“तेच? ओटीवाली?”

“हो, तेच.”

शेजारीण तशीच निघाली. आम्ही तिघं तिच्या चपलांचा आवाज ऐकत होतो. तो तिच्या घराकडं वळला नाही, चौकाच्या दिशेनं गेला.

“जाऊ दे,” भाऊ म्हणाला. त्यानं पट्टी उलटी केली आणि तिच्या कपाळावर ठेवली.