यांची शीळ

लग्न होऊन अमळनेरला आले, त्या पहिल्या सकाळी मला जाग आली ती शिळेनं. अंगणात हे स्कूटर पुसत होते आणि ओठांतून एक जुनं गाणं निघत होतं. नुसती चालच नव्हे, तर मधले बासरीचे, व्हायोलिनचे तुकडेसुद्धा. मग समोरच्या गच्चीवरून कुणीतरी अंतरा उचलला. ते शेजारचे नाना. दोघांनी मिळून गाणं पुरं केलं आणि एकमेकांकडे न बघता आपापल्या कामाला लागले. मला वाटलं, या गावात असंच असतं.

तेव्हा असायचंही. तेलाच्या गिरणीतून सुटलेले लोक सायकलीवरून शीळ घालत घरी जायचे. तिन्हीसांजेला यांनी सुरू केलं की सासूबाई आतून ओरडायच्या, “सांजले शिट्या नको मारू, घरमा साप ई!” सांजेच्या शिळेनं साप घरात येतो, असं त्या मानायच्या. पुढे गिरणी बंद पडली. नानांचे दात गेले. “आते निस्ता वारा निंघस,” म्हणाले, आणि त्यांनी ते सोडूनच दिलं. गल्लीत हे एकटेच उरले.

गेल्या हिवाळ्यात नरडाण्याहून परत येताना एसटीच्या खिडकीतून यांना गार वारा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. डावा डोळा मिटेना. लकवाच मारला असं समजून मी रडत रडत यांना धुळ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, “चेहऱ्याची एक शीर सुजली आहे. घाबरू नका, बरे होतील.” आणि व्यायामासाठी शेजारच्या खोलीत पाठवलं.

तिथं एक तरुण मुलगी होती. यांना आरशासमोर बसवून म्हणाली, “काका, रोज शीळ घालायचा प्रयत्न करायचा.”

हे एकदम ताठ बसले. अर्ध्याच तोंडानं विचारलं, “कोणतं गाणं?”

ती गोंधळली. “गाणं नाही, फक्त शीळ.”

“बरं, तुम्ही दाखवा आधी.”

तिनं ओठांचा चंबू केला, फुंकर मारली, आणि लाजली. “मला नाही येत हो. आमच्या वर्गात कुणालाच यायची नाही. तुम्ही ओठ फक्त असे करा.”

महिनोन्‌महिने हे बेसिनवरच्या आरशासमोर उभे राहायचे. डावीकडून हवा निसटायची. पुण्याहून मुलाचा फोन आला. “बाबा, तुम्हाला हवी ती सगळी गाणी पाठवतो.” यांनी फोन माझ्या हातात दिला. मग मीच घरातले सगळे फोन धुंडाळले, यांची शीळ कुठं सापडते का म्हणून. लग्नांचे, जेवणावळींचे, गणपतीचे व्हिडिओ ढिगानं होते. एका वाढदिवसाच्या व्हिडिओत हे मागं उभे दिसतात, ओठ चंबूसारखे; शीळ घालताहेत हे नक्की. पण त्यावर मुलानं कसलं तरी संगीत चढवलेलं. मूळ आवाज पुसला गेला होता.

जळगावला भाच्याच्या लग्नात मी पोरांना विचारलं, कुणाला शिळेवर चाल येते का. एकानं दोन बोटं तोंडात घालून कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारली. “चाल कशाला वाजवायची, मामी? फोन आहे ना.”

त्यानंतर एका दुपारी मीच प्रयत्न केला. आमच्या लहानपणी मुलींनी शीळ घालायची नसायची, त्यामुळे तोंड कसं धरायचं तेही मला ठाऊक नव्हतं. हे बघत होते. म्हणाले, “राहू दे आता.” त्या दिवसापासून आरशासमोर उभं राहणं बंद झालं.

परवा शेवटचं दाखवायला धुळ्याला गेलो. डोळा मिटतो, पाणी गळत नाही. डॉक्टर खूश होते. “अगदी बरे झालात, आता यायची गरज नाही.” यांनी मान हलवली.

स्टँडवर गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या हे म्हणाले, “नानांबरोबर वाजवायचो ते गाणं आठवतं तुला?”

“आठवतं की.”

“गुणगुण बघू.”

मी हळूच सुरुवात केली. मुखडा नीट झाला. अंतऱ्याला मी अडखळले, पुन्हा मागून उचललं, पुन्हा तिथंच अडखळले. यांच्याकडे बघितलं. यांनी डोळे मिटले होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

“मलाही नाही आठवत,” हे म्हणाले.

अमळनेरची गाडी लागली. मी पिशवी उचलली आणि आम्ही रांगेत उभे राहिलो.