चढावर उतरणारी माणसं

मागची दोन्ही चाकं कातळावर थडाथड आपटत होती आणि जीप इंचभरही वर सरकत नव्हती. आत सुमनकाकी बसल्या होत्या, महाडहून डायलिसिस करून दमलेल्या. मी पुढे वाटेच्या कडेला उभी राहून ड्रायव्हरवर, बाळावर, ओरडत होते.

"बाळा, ॲक्सिलरेटर सोड! सोड म्हणते ना!"

त्याने सोडला. गाडी गप्प झाली.

काकींची वाडी कुडपणच्या वरच्या अंगाला. रस्ता संपला की पुढे नुसती कातळाची वाट. आठवड्यातून दोनदा चौघे त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायचे आणि वर आणायचे. मे महिन्यात चाकरमानी घरी आलेले, म्हणून चौघे मिळत होते. चार दिवसांनी ते मुंबईला परतणार, मग काकींनाही मुलाच्या खोलीवर हलवायचं, असं घरात ठरत आलं होतं. "माझं घर, माझी गुरं टाकून मी नाय जायाची," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मी पुण्यात चौदा वर्षं गाड्यांची सस्पेन्शन डिझाइन केली. आता महाडला माझं वर्कशॉप आहे. वाडीच्या चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाने जुनी जीप आणून दिली आणि सांगितलं, "मॅडम, ही कातळ चढली पाहिजे. सहा माणसं बसतील."

मी मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा काढून गुंडाळीच्या लावल्या आणि चार लिंक टाकल्या. लिंक म्हणजे दोन्ही टोकांना जॉइंट असलेला जाड पाइप. एक टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं चाकांच्या ॲक्सलला. यामुळे एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं खड्ड्यात टेकून राहतं. चढावर ॲक्सिलरेटर दिला की गाडीची मागची बाजू बसते. लिंकचे कोन बदलून ते बसणं कमी करता येतं, त्याला अँटी-स्क्वॉट म्हणतात. ते जास्त झालं तर मात्र मागची बाजू उचलली जाते आणि चाकं पकड सोडून उड्या मारतात. सहा माणसं मागे बसणार म्हणून मी ते भरपूर दिलं. वरंधजवळच्या कोरड्या ओढ्यात तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या टाकून टेस्ट घेतली. गाडी मुकाट चढली होती.

मग आज हिला काय झालं? मी गाडीखाली शिरले. जॉइंट घट्ट. वेल्ड शाबूत. सगळं जागेवर होतं, आणि त्यानेच मला जास्त घाबरायला झालं. बिघाड सापडला असता तर निदान शिव्या घालायला काहीतरी मिळालं असतं.

"मॅडम, पोरं ढकलतील," काकींचे यजमान दत्तारामकाका वरून म्हणाले.

मी मान वळवली. मागच्या चाकांपलीकडे बारा पाय उभे होते. पहिली फेरी म्हणून हौसेने आलेल्या सहा चाकरमान्यांचे. ते गाडीत असायला हवे होते.

मी तशीच धुळीने माखलेली बाहेर आले. "तुम्ही उतरलात कधी?"

"चढाव लागला तवाच."

"का?"

एकजण म्हणाला, "चढावाला बसून कोण ऱ्हातंय, मॅडम? गाडीला भार नको?"

मला स्वतःचीच लाज वाटली. मी इथलीच. लहानपणी चढ आला की मीही सगळ्यांबरोबर गाडीतून उतरायचे. चौदा वर्षांत तेवढं साफ विसरले होते.

"परत बसा. गाडी तुमच्या भारावरच बेतलीय, भार नसला की मागून उचलते."

कोणी हलेना. तेव्हा आतून काकी कडाडल्या, "बसा रे गपचूप! ती सांगतेय तर."

सहाजण चोरट्यांसारखे आत बसले. निम्मे तर बूड टेकायलाही तयार नव्हते. बाळाने लो गिअर टाकला. जीप हळूहळू, एकही उडी न मारता कातळ चढली.

वर सगळ्यांनी गलका केला. मी मात्र कोरा चहासुद्धा नीट प्यायले नाही. हे सहाजण गेल्यावर गाडीत तिघंच, म्हणजे पुन्हा तोच नाच.

जीप तशीच महाडला आणली. चॅसीवरचे वरच्या लिंकचे ब्रॅकेट कापून नवे लावले. एका भोकाऐवजी एकावर एक तीन भोकं ठेवली आणि लिंकचं टोक सगळ्यात वरच्या भोकात घेतलं. त्याने अँटी-स्क्वॉट उतरलं. आता सहाजण बसले तर मागची बाजू जरा बसेल. बसू दे.

चाकरमानी गेले. पुढच्या डायलिसिसहून परतताना मी काकींच्या शेजारी बसले. कातळ आला. दत्तारामकाका नेहमीप्रमाणे उडी मारून उतरले आणि मागून चालू लागले. गाडीत आम्ही तिघं. जीप थांबली नाही.

"त्यांना सांगून काय उपेग नाय गो," काकी दारातल्या गुरांकडे बघत म्हणाल्या. "तू गाडीच सुधारलीस, ते बरं केलंस."

आता गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मी किती माणसं बसणार हे नंतर विचारते. चढ आला की किती उरतात, ते आधी.