जागच्या जागी फिरणारं इंजिन

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि आईने होडी विकायला लावली. इंजिन मात्र बाबांनी दिलं नाही. वर्सोव्यातल्या आमच्या घरामागे पत्र्याखाली ते बसवलं आणि वायरमनकडून त्याला जनरेटर जोडून घेतला. वीज गेली की आईचे मासळीचे दोन फ्रीजर त्यावर चालायचे. बाबांनाही हात काळे करायला काहीतरी मिळायचं, नाहीतर ते घरात नुसते येरझाऱ्या घालायचे.

मला मात्र त्या यंत्राचा कधी थांगच लागला नाही. टाकीत तेल जातं, धूर निघतो, हे दिसतं. पण वीज येते कुठून? वायरमनने समजावलं, तेल जळून इंजिन फिरतं, इंजिन लोहचुंबक फिरवतं आणि भोवतालच्या तांब्याच्या तारांत वीज तयार होते. मी मान डोलावली. कळलं काडीचंही नव्हतं. तेल धुराड्यातून गेलं आणि वीज चुंबकाला न टेकलेल्या तारेतून आली, हे माझ्या डोक्यात बसेना.

एका दुपारी वीज गेली आणि आईने दोन्ही फ्रीजर एकदम लावले. इंजिन दमलं, दिवा मंदावला. पाण्याची ओढ उलटी असली की समुद्रात बाबा जे करायचे तेच त्यांनी केलं, इंजिनाचा वेग वाढवायची रेस पूर्ण ओढली. दिवा लख्ख झाला. मी खूश. तेवढ्यात दिवा उडाला आणि फ्रीजरमधून जळका वास आला.

वायरमन आला आणि वैतागला. एक फ्रीजर बंद करायचा होता, म्हणाला. इंजिन एकाच वेगाने फिरलं पाहिजे, रेसला हात लावायचाच नाही.

“एवढं तेल जाळायचं,” बाबा म्हणाले, “मग जायचं कुठे?”

“कुठेच नाही, काका.” तो हसला.

मीही हसले, मग बाबांचं तोंड पाहिलं. ते चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, मला समजेना. मला वाईट वाटलं, पण नक्की कशाचं, तेही सांगता येईना.

आई पापलेटं बर्फात भरत होती. मान वर न करता तिने बाबांना विचारलं, “भाऊजींच्या होडीवर जायचंय का? जाळ्याला हात नाही लावायचा. नुसतं सुकाणूला बसायचं.”

“उद्या पहाटेच भरती आहे,” बाबा लगेच म्हणाले.