मामांनी पाहिलेली दोन विद्यापीठं

आमच्याकडे मुलींसाठी स्थळ पाहायला पाटसचे मामा जायचे. त्यांची पद्धत ठरलेली. कळवून जायचं नाही, बैठकीत फार वेळ टेकायचं नाही, प्यायला पाणी मागायचं आणि ते येईपर्यंत घराची मागची बाजू पाहून घ्यायची. माझ्या दोन्ही बहिणींची सासरं त्यांनी अशीच तपासली होती.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली होती. मामांकडे राहून मी दौंडच्या कॉलेजात बी.ए. केलं आणि अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी पुण्यात दोन ठिकाणी माझा नंबर लागला. एक मोठं सरकारी विद्यापीठ, दुसरं छोटं, खासगी, कोरं करकरीत. मला छोटंच हवं होतं. तीन वर्षं मी वर्गात रोल नंबर त्रेचाळीस होते, आणि खासगीवाल्यांच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘इथे प्रत्येकाला नावाने ओळखले जाते.’

वडगाव रासाईहून वडिलांचा निरोप आला, मामांना दाखव.

मामांनी माहितीपत्रक चाळलं. “फोटू समद्यांचंच चांगलं येत्यात. चल, बघून येऊ.”

खासगीच्या दारात कारंजं होतं. आतल्या मुलीनं “या सर” म्हटल्यावर मामांनी मागे वळून पाहिलं, कोण साहेब आला म्हणून. संस्थापकांची तसबीर प्रत्येक मजल्यावर होती. जिन्यात जरा लहान होती. मामांनी पाणी मागितलं. ते ट्रेमधून येईपर्यंत मामा ग्रंथालयात पोचले होते. नवी पुस्तकं, काचेची कपाटं, कपाटांना कुलपं.

“हे कवा उघडतं, बाई?” मामांनी तिथल्या ग्रंथपालबाईंना विचारलं.

“पाहुणे आले की उघडतो, सर.”

“मग आम्ही कोण हाय?”

किल्ली शेवटपर्यंत सापडली नाही.

सरकारी विद्यापीठात आम्हाला कुणी विचारलंच नाही. खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “जेवणाची सुट्टी आहे.” पाण्याच्या टाकीला साखळीनं पेला बांधलेला होता. मामा प्याले आणि त्यांनी पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. “पार झिजलाय. लई लोकं पित्यात हितं.” ग्रंथालयात पुस्तकांचे पुठ्ठे निखळलेले, पाठीला चिकटपट्ट्या. मामांनी एक उचलून शेवटचं पान उघडलं. तारखांच्या शिक्क्यांनी ते निळं झालं होतं.

परतीच्या एसटीत यवत आल्यावर मी म्हणाले, “मामा, इथं मला कोण ओळखणार?”

“न्हाईच वळखणार,” मामा म्हणाले. मला खोटं बोलून समजावतील, ही आशाही गेली. “पर तिकडं वळखून तरी काय देणार व्हते? कपाट बंद. म्या मागलं दार बघितलं, एवढंच. नांदायचंय तुला. तूच ठरीव.”

मी मोठं विद्यापीठ घेतलं, जरा रुसूनच.

दर सुट्टीत मामा विचारायचे, “मास्तर नावानं हाक मारत्यात का गं?” मी नाही म्हणायची. मामा पान लावत राहायचे.

शेवटच्या सहामाहीत एका दुपारी ग्रंथालयाच्या टेबलावरच्या लिपिकानं मी तोंड उघडण्याआधीच माझं नाव घेतलं. “तुमचं पुस्तक परत आलंय. बाजूला काढून ठेवलंय, दुसरं कुणी न्यायच्या आत.”

सुट्टीत मी मामांना ते सांगितलं. मास्तर नाही, लिपिक ओळखतो, असं जरा ओशाळूनच.

मामांनी चुन्याचं बोट पुसलं. “किल्लीवाला वळखतो न्हवं? मग आन् कोण पायजे?”