सुतकातली पेज

दूरच्या नातलगापेक्षा जवळचा शेजारी बरा, अशी चिनी लोकांत म्हण आहे म्हणे. चीनशी भाईचारा चालला होता त्या दिवसांत आमच्या गुरुजींनी ती फळ्यावर लिहिली होती. पुढे बासष्ट साली त्याच शेजाऱ्याने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण म्हण खोटी नव्हे. मला ती माझ्या सख्ख्या काकांमुळे पटली.

वडील गेले ती बासष्टच्या आधीची गोष्ट. मालवणला आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे एक ख्रिस्ती बाई राहायची, आम्ही तिला मावशी म्हणायचो. गडग्यात जायला-यायला एक खिंड होती. वडिलांचा श्वास लागला तेव्हा आई डॉक्टरला आणायला बाजारात धावली. ती परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटचं पाणी मावशीने पाजलं.

सुतकात आमची चूल बंद. शेजारणीने पेज द्यायची, ही रीत. आपल्या घरचं शिजलेलं आम्हाला चालायचं नाही हे मावशीला न सांगता कळत होतं. तिने नवं मडकं आणलं, आमच्याच अंगणात तीन दगड मांडले आणि आमच्याच तांदळाची पेज केली. आणखी किती जपायचं माणसाने?

तिसऱ्या दिवशी मुंबईहून काका उतरले. भावाच्या आजारपणात एकदा फिरकले नव्हते, पण धर्म मात्र बरोबर घेऊन आले. कोणी शिजवलं ते विचारलं आणि मडकं उचलून पेज माडाच्या मुळाशी ओतली. मावशी तिथेच उभी होती. माझ्या अंगाची आग आग झाली. आजही होते.

तीन दिवस कोपऱ्यात बसलेली आई उठली.

"ह्यांच्या तोंडात शेवटचा पाणी तिनाच घातल्यान. तेवा तुमची जात खंय गेल्ली?"

सुतकातल्या बाईने उंबरा ओलांडायचा नसतो. आई आम्हा पोरांना घेऊन खिंडीतून गेली आणि मावशीच्या चुलीपाशी बसून जेवली. गावाने महिनाभर तोंडसुख घेतलं. घेऊ दे.

काका दिवसभर ओसरीवर उपाशी बसले. गावात एकाही नातलगाने त्यांना जेवायला बोलावलं नाही. संध्याकाळी मावशीनेच पुन्हा त्याच मडक्यात पेज करून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी मान खाली घालून ती ओरपली.

आई दारातून म्हणाली, "आता मडक्या धुवा, आनि तिच्या हातात नेवन देवा."

काका मडकं घेऊन त्या खिंडीतून गेले.