अंगणातली पहार

मला रेडिओचं वेड आहे. कुणाला भजनाचं असतं, मला खरखरीचं. गुंद गावच्या रानातल्या आमच्या घरापाशी मोबाइलला रेंज नाही, ती टेकाडावर जाऊन शोधावी लागते. पण फणसाच्या शेंड्यापासून घरापर्यंत तांब्याची तार ताणली, तिला जुना शॉर्टवेव्हचा रेडिओ जोडला, की कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं आमच्या माजघरात येऊन बोलतात. काय बोलतात ते कळत नाही. मी आपली वहीत लिहून ठेवते, कुठल्या आकड्यावर कोण सापडलं ते. आई म्हणायची, "न कळणारं ऐकायला येवढा खटाटोप! गावातलं कळतंय, ते ऐकायला जायला मातर हिला येळ न्हाई."

एवढी उंच तार म्हणजे विजेला आवतण, हे मला ठाऊक होतं. म्हणून दाराच्या चौकटीपाशी मी एक खटका बसवला. तो खाली केला की तार रेडिओपासून सुटायची आणि बाहेर जमिनीला जोडली जायची. वीज आलीच तर परस्पर मातीत जाईल. मातीत ठोकायला लोखंड हवं होतं. आईची पहार दिसली. ती उचलली, दाराशेजारच्या ओल्या जागेत खोल ठोकली, तिच्या डोक्याला तार गुंडाळली, झालं काम.

आईला खटका दाखवला. "गडगडलं की हा खाली करायचा. काय?"

"व्हय गं, कळलं. आनि माझी पहार?"

"असू दे तिथंच."

का असू दे, ते सांगितलं नाही. म्हटलं, हिला कोण समजावत बसणार!

आमच्याकडे वीज कडाडायला लागली की घरातलं लोखंड अंगणात फेकतात. बहुतेक कोयताच. वीज त्या लोखंडावर जाते आणि घरदार, माणसं वाचतात, अशी समजूत. लहानपणापासून बघत आले होते आणि शाळेत चार पुस्तकं वाचल्यापासून हसतही आले होते.

त्या मे महिन्यात एका दुपारी नळाचं पाणी बंद झालं. वरच्या झऱ्यापासून घरापर्यंत आमचा पाइप आहे, त्याच्या तोंडाशी पाला अडकला असणार. कंबरेच्या आकडीत कोयता अडकवला आणि मी चढ चढून गेले. पाला काढेपर्यंत आभाळ काळंठिक्कर झालं. चमकलं. मी सवयीनं मोजायला लागले. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीन मोजले तर एक किलोमीटर, असा हिशेब. अठरा आले. लांब आहे, म्हटलं, आणि उतरायला लागले. पुढच्या वेळी बारा. मग सात. मी पळत सुटले. तोवर भीती माझी मलाच होती, खोटं कशाला सांगू.

वळणावरून घर दिसलं. अंगणात मधोमध पहार आडवी पडली होती.

कोयता माझ्या कंबरेला. मग आईनं हाताशी होतं ते लोखंड उपटलं होतं, गुंडाळलेली तार सोडून. ती सुटी तार चौकटीला लोंबत होती आणि चौकटीला खांदा टेकून, उंबरठ्यावर, आई माझी वाट बघत बसली होती. खटका तिनं खाली केलाच असणार, सांगितलेलं ती विसरत नाही. म्हणजे फणसावर वीज पडली असती तर ती मातीत जाणार नव्हती. सरळ आईच्या खांद्याशी येऊन थांबणार होती.

"आये! ऊठ! आत जा!"

पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माझं मलाच ऐकू येईना. तिनं मला बघितलं आणि हात हलवला. ये, ये, लवकर ये. चमकलं. एक, दोन, तीन, चार.

"अगं मर ना आत!" मी किंचाळले. हो, असंच बोलले मी, माझ्या आईला.

अंगणाच्या पायरीवर माझा पाय सटकला आणि मी तोंडावर आपटले. तशी ती उठली. लुगडं वर खोचत, अनवाणी, चिखलातून धावत आली. माझ्या काखेत हात घालून तिनं मला उचललं, तेवढ्यात सगळं पांढरं झालं. मोजायला काही उरलंच नव्हतं, उजेड आणि आवाज एकदमच. आम्ही दोघी पुन्हा खाली पडलो.

मान वर केली तेव्हा फणसाची साल वरपासून खालपर्यंत फाटली होती. दाराच्या चौकटीवर, आईचा खांदा जिथं होता तिथं, काळा डाग पडला होता आणि त्यातून धूर निघत होता.

आईनं आधी माझे हातपाय चाचपले. मग पहारीकडं बघितलं आणि म्हणाली, "बघितलंस? टाकली म्हनून वाचलो."

माझा असा संताप झाला! जिभेवर सगळं आलं होतं, तार, माती, तिचा अडाणीपणा. तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तुजा खटका बी खाली केलता हां मी. पर खटका घराला. तू भायेर हुतीस. तुज्यासाठी काय करायचं, ते तू सांगितलं नव्हतंस."

मी चिखलात बसून रडले. लाज वाटली, तिची नव्हे, माझी. मी तिला खटका शिकवला आणि पहारीचं एक वाक्य सांगायचा कंटाळा केला. आईला मारलंच होतं मी जवळजवळ.

आता तारेसाठी वेगळी सळई पुरली आहे, कशासाठी ते आईला नीट सांगून. पहार दाराशी उभी असते. मागच्या वळवाला आई वरच्या झऱ्याकडे गेली होती आणि आभाळ गडगडायला लागलं. मी खटका खाली केला. मग बाहेर आले, पहार दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणात फेकली.