नाव घेता न येणारी वेबसाइट

केळझरच्या गणपतीला मी एकदा एकवीस चतुर्थ्या बोलले होते. मुलीच्या लग्नासाठी नाही, ह्यांच्या गुडघ्यासाठी नाही. आमच्या लोणच्याच्या वेबसाइटला चांगलं नाव मिळावं म्हणून!

ऐकणारे हसतात. हसू द्या. माझी चूक एवढीच झाली, की चांगलं म्हणजे कोणासाठी चांगलं, ते गणपतीला सांगायचं राहून गेलं. दोन हजार तीन-चार सालची गोष्ट आहे. त्या एका नावापायी इतके किस्से साठले, की अजूनही आम्ही कुरडया घालायला बसलो की एक निघतो आणि त्याच्या मागे दुसरा. हात चिकात बुडालेले असतात, तोंडं मोकळी.

आम्ही म्हणजे चौघी. मी, माझी मोठी जाऊ मालूबाई, शेजारच्या रेखावहिनी आणि माझ्या नणंदेची मुलगी शुभांगी. ती वर्ध्यातच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. लोणचं आमच्या अंगणात व्हायचं. सावंगीला डॉक्टरकी शिकणारी मुलं बरण्या घेऊन गावी जायची, आणि मग त्यांच्या आयांचे फोन यायचे. मला हा उद्योग म्हणजे विरंगुळा होता. मालूबाईंचं तसं नव्हतं. भाऊजी गेल्यापासून त्यांचं घर लोणच्यावर चालायचं. हे मदत देऊ करायचे, त्या घ्यायच्या नाहीत. "लोणचं चाललं तर वर्ध्यात राहीन, नाई तर हिंगणीले भावाकडं जाईन," असं त्या सांगायच्या. भावाकडे त्यांना किती जावंसं वाटत होतं, ते त्यांच्या आवाजावरून कळायचं.

*

शुभांगी म्हणाली, "मामी, एसटीडीवर लोक किती वेळ भाव विचारतील? वेबसाइट काढू. सगळी यादी त्यावर. पण आधी नाव ठरवा."

नाव ठरवायचं म्हटल्यावर मी काय केलं असेल? आमच्या गुरुजींना बोलावलं. त्यांनी पंचांग उघडलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "जन्मवेळ?"

"अजून जन्मली नाही गुरुजी," शुभांगी म्हणाली. "आधी नाव घ्यावं लागतं. मग जन्मते."

गुरुजींनी पंचांग मिटलं, परत उघडलं. आजवर त्यांच्या हातून असं बारसं झालं नव्हतं. शेवटी त्या घटकेचं नक्षत्र पाहून त्यांनी अक्षरं काढून दिली : ष, ण किंवा ठ.

मालूबाई कैऱ्या पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठणठणगोपाळ ठेवा. निदान खरं तरी राहीन."

गुरुजींना मी दक्षिणा दिली आणि एक बरणी. बरणी त्यांनी आधी पिशवीत टाकली.

*

मग विषय पुरुषांच्या हातात गेला. लोणचं कसं करतात हे ज्यांना माहीत नव्हतं ते सगळे दिवाणखान्यात जमले.

ह्यांचे एक मित्र म्हणाले, "नावात ग्लोबल पाहिजे. ग्लोबल असल्याशिवाय इंटरनेटवर कोणी विचारत नाई."

चहा घेऊन गेलेल्या मालूबाई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "पवनारची बस चुकली तर घाबरते हा माणूस. अन् ग्लोबल म्हणते."

दोन तास चर्चा चालली. तीनदा चहा झाला. आम्हाला कोणी काही विचारलं नाही, फक्त साखर कमी टाका म्हणून सांगितलं. शेवटी हे उभे राहिले. आमचं कापडाचं दुकान. त्याच्या पाटीवर जे आहे तेच वेबसाइटवर लागेल, असा निकाल दिला. म्हणजे ह्यांचं नाव, मग मामंजींचं नाव, मग आडनाव, मग अँड सन्स, आणि मग डॉट कॉम.

शुभांगीने अक्षरं मोजली. "मामा, एवढं टाइप करेपर्यंत माणसाची भूक मरून जाईन."

"मरू दे," हे म्हणाले. "नाव लांब असलं की घराणं मोठं वाटते."

अँड सन्स! आम्हाला दोन मुली आहेत.

*

नाव घ्यायला म्हणून सगळे सायबर कॅफेत गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाराशी त्यांनी चपला काढल्या. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, चपला चालतात." हे म्हणाले, "तुम्हाला चालत असतील."

मीही काही कमी नाही. हळदकुंकवाची कुयरी घेऊन गेले होते. मॉनिटरला मधोमध कुंकू लावलं, नारळ बाहेर फोडला. त्या कुंकवाखाली नेमकं कोणाचं तरी परीक्षेचा फॉर्म भरायचं बटण येत होतं, असं नंतर कळलं. कॅफेवाल्याने ते दोन दिवस पुसलं नाही. "देवाचं काम आहे, कोण हात लावीन?" असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

पुढची पंचाईत लेबलांची. एवढं लांब नाव बरणीच्या लेबलावर मावेना. तीन ओळी करून पाहिल्या, तर लोणचं कशाचं ते लिहायला जागा उरेना. मग लेबलावर नुसता आमच्या घरचा फोन नंबर छापला. ज्याला वेबसाइट पाहिजे, त्याने फोन करून नाव विचारावं.

इथेच गाडी अडली.

*

पहिला फोन पुण्याहून आला. एक बाई तिकडे मेस चालवायच्या. त्यांचा मुलगा सावंगीला होता, त्याने नेलेलं लोणचं त्यांच्या मेसमध्ये सगळ्यांना आवडलं होतं. दर महिन्याला लोणचं लागेल म्हणाल्या. मालूबाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.

"तुमची वेबसाइट आहे ना? काय नाव?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. लग्न झाल्यापासून ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. मामंजींचं तर नाहीच नाही. त्यांचं नाव शंकराचं, म्हणून सोळा सोमवारांची कहाणी वाचतानासुद्धा तिथे आलं की मी नुसते हात जोडते.

"एक मिनिट हं," म्हणून मी मालूबाईंकडे पाहिलं. त्या मोठ्या, त्यांना दिराचं नाव घ्यायची मोकळीक. त्यांनी रिसीव्हर घेतला, ह्यांचं नाव खणखणीत सांगितलं आणि थांबल्या. पुढे मामंजी. ते त्यांचेही सासरे.

"रेखाऽ!" मालूबाईंनी भिंतीवरून हाक मारली.

रेखावहिनी धावत आल्या. त्यांना मामंजींचं नाव घेता येत होतं. पण पहिलं नाव नव्हतं येत, कारण त्यांच्या यजमानांचंही नाव तेच. वर्ध्यात त्या नावाची माणसं गल्लीगल्लीला आहेत. तर पहिलं नाव मालूबाईंनी सांगितलं, दुसरं रेखावहिनींनी, आणि आडनाव, अँड सन्स, डॉट कॉम मी.

पुण्याच्या बाईंनी ते तुकड्यातुकड्यानं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही किती जणी आहात तिथे?"

मालूबाईंनी रिसीव्हर ओढून घेतला. "लोणच्याले चार. नावाले तीन."

त्या हसल्या, पण ऑर्डर काही आली नाही. आठ दिवसांनी त्यांच्या मुलाने सावंगीहून येऊन सांगितलं, "आईने तीनदा ते नाव टाकून पाहिलं मावशी. काही उघडलं नाही. मग तिने तिथलंच लोणचं लावलं."

कैरीची एक फोड मालूबाईंनी चार वेळा पुसली.

*

शुभांगी दिवसभर क्लासला. सगळी नावं बिनधास्त घेणारी ती एकटीच, आणि फोन यायचे दुपारी. मग आम्ही तिघी आळीपाळीने नाही, तर एकदमच फोनजवळ बसायचो. रेखावहिनी बाजाराला गेल्या की वेबसाइट बंद!

मी ह्यांना म्हटलं, "अहो, नाव बदलता येईल का?"

"काऊन? काय वाईट आहे नावात?"

आता नावात काय वाईट आहे ते सांगायला ते नाव घ्यावं लागणार. मी चहा ठेवायला गेले.

*

एवढं होऊनही त्या नावाने एक गिऱ्हाईक आणलं, हे कबूल केलं पाहिजे. नागपूरहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज फार अदबीचा.

"वहिनी, तुमची वेबसाइट पाहिली. छान वाटलं घराणं. मुलं काय करतात?"

"कोणाची मुलं?"

"तुमची. सन्स. आमची मुलगी बीकॉम आहे, गोरी आहे, पत्रिका पाठवू का?"

मी सांगितलं, की आम्हाला दोन मुली आहेत.

"मग सन्स?"

"ते वेबसाइटवरच आहेत," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला नाही. उलट विचारलं, "लोणचं कशाचं आहे?" दोन बरण्या नेल्या. त्या मुलीचं कल्याण झालं असेल, मी तिच्यासाठीही एक चतुर्थी धरली होती.

*

दोन वर्षं झाली आणि शुभांगी म्हणाली, "मामा, नावाची मुदत संपली. रिन्यू करावं लागते."

"कशाची मुदत? नाव माझं आहे."

"इंटरनेटवर नाई मामा. तिथं नाव दोन वर्षांसाठी भाड्यानं घेतलं होतं."

हे ताटावरून उठले. "म्हणजे माझं नाव वापरायचं भाडं मीच द्यायचं? माझ्या बापाच्या नावाचंसुद्धा?"

"हो."

"नाई देत जा!"

हे रागावून दुकानात गेले. मी देवघरात गेले आणि गणपतीला हात जोडले. मधल्या चुकलेल्या सोडून अठरावी चतुर्थी होती. मला तर वाटतं तो उशिरा का होईना, समजून घेतो.

*

त्याच दुपारी आम्ही चौघी बसलो. परीक्षा मालूबाईंनी ठरवली. हात मसाल्यानं भरलेले असताना, एका दमात, प्रत्येकीला फोनवर घेता आलं पाहिजे तेच नाव.

देवाचं ठेवावं तर अडचण. गणपतीचं रेखावहिनींच्या सासऱ्यांचं. शंकराचं मामंजींचं. विष्णूचं गेलेल्या भाऊजींचं. घरोघरी एकेक देव बसलेला, आणि सुनांची तोंडं बंद.

"मंग आपल्यातल्याच एखादीचं ठेवा," मालूबाई म्हणाल्या. "बाईचं नाव कोणीबी घेते. त्याले कोणाची आडकाठी नाई."

त्यांनी माझं नाव सुचवलं. मी नको म्हणत होते, तोवर शुभांगीने लिहूनसुद्धा घेतलं. माझं नाव आणि पुढे लोणचे, बस. लेबलावर एका ओळीत मावलं, खाली आंब्याचं चित्र काढायला जागा उरली.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली घेतला नाही. दोन दिवसांनी एवढंच म्हणाले, "सन्स काढलं का?"

"काढलं," मी म्हटलं.

*

पण नवीन नाव लोकांना कळायला वेळ लागला. दोन महिने जेमतेम फोन आले. चैत्र संपत आला तेव्हा मालूबाईंनी पिशवी भरली. दोन लुगडी, पितळी डबा, भाऊजींचा फोटो. "परवाच्या बसनं हिंगणीले जातो. कैऱ्यांचं एवढं उरकून देतो अन् जातो."

त्या दिवशी सकाळपासून अंगणात कैरी चालली होती. पिशवी दाराशी टेकवलेली. मोहरी, तिखट, हळद, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. दुकान बंद होतं म्हणून हे घरी, फोनच्या खुर्चीत. आणि फोन वाजला.

हे खिडकीतून ओरडले, "ऐकलं का? फोन आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात माझं नाव तेच होतं : ऐकलं का.

"माझे हात भरलेत," मी म्हटलं. "तुम्हीच घ्या."

ह्यांनी उचलला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "हो, लोणचंवालेच... पुण्याहून? मेस? हो, हो, पोरगा सावंगीले होता, माहीत आहे... वर्षभरासाठी?... हो, आहे ना वेबसाइट. नवीन आहे, सोपी आहे."

आणि मग हे थांबले.

मालूबाई उठून खिडकीशी गेल्या. रेखावहिनी गेल्या. शुभांगी रविवारची घरीच होती, तीही गेली. ह्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "नाव विचारून राह्यल्या."

"मंग सांगा," मालूबाई म्हणाल्या.

"शुभे, तू ये."

"माझेबी हात भरलेत मामा."

"भाऊजी," मालूबाई म्हणाल्या, "तुमचं नाव आम्ही तिघींनी मिळून घेतलं होतं याच बाईसमोर. तुम्ही एकटे घ्या. एसटीडी आहे, तिचं बिल चढून राह्यलं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठून सरळ उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला आणि पुण्याच्या त्या अनोळखी बाईला फोनवर म्हणाले,

"पवनारच्या पुलाखालून वाहते धाम,
आधी कुमुद, मग लोणचे, शेवटी डॉट कॉम."

मालूबाईंनी लाल हातानेच पिशवी उचलली आणि लुगडी काढून परत दोरीवर टाकली.

एक गोष्ट आज पहिल्यांदाच लिहिते. त्या वेळी माझे हात धुतलेले होते. तुम्हा सगळ्याजणींकडे माझं एवढंच मागणं आहे. चतुर्थ्या नाही केल्या तरी चालतील. आज घरात फोन वाजला, तर हात भरलेत म्हणा.